मेंदूतली सूज आणि आपला स्वयंपाक: हळद, कांदा, पालेभाजी, मोहरी नेमकी कशी वापरायची

फॅमिली ग्रुपवर दर दोन-चार दिवसांनी तोच मेसेज फिरतो, हळद खा आणि अल्झायमर विसरा, आणि लगेच खाली कोणीतरी विचारतं की कोणत्या कंपनीची कॅप्सूल घेऊ. म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं, कारण ह्यात खरं पण बरंच आहे आणि फुगवलेलं पण बरंच आहे, आणि जे खरं आहे त्याचा फायदा घ्यायचा तर रोजच्या स्वयंपाकातच चार गोष्टी बदलाव्या लागतात. मी डॉक्टर नाही. घरात सत्तरीपुढची माणसं आहेत, स्वयंपाक मी करते, म्हणून वाचत गेले आणि जे पटलं ते घरात करायला लागले, तेच इथे सांगते.

आधी सूज म्हणजे काय ते थोडक्यात, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. मेंदूत विचार करणाऱ्या, आठवण ठेवणाऱ्या पेशी म्हणजे न्यूरॉन, आणि त्यांच्या आजूबाजूला मायक्रोग्लिया नावाच्या वेगळ्याच पेशी असतात. ह्या म्हणजे मेंदूचे वॉचमन. जंतू आला, कुठे इजा झाली की त्या जाग्या होतात आणि इंटरल्यूकिन-६, टीएनएफ अशी केमिकल्स सोडतात, काम झालं की शांत होतात. वय वाढलं की त्या पटकन भडकतात आणि लवकर शांत होत नाहीत, आणि ती केमिकल्स सतत झिरपत राहिली की शेजारचे न्यूरॉनच खराब व्हायला लागतात. अल्झायमर, पार्किन्सन ह्या आजारांत ही सूज असतेच असते, ती सुरुवात करते की नंतर येते ह्यावर अजून वाद आहेत पण ती आजार वाढवते हे बऱ्यापैकी मान्य आहे. अंगाला सूज आली की दुखतं, लाल होतं, ही सूज दुखत नाही, दिसत नाही, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही.

आता वनस्पती कुठे येतात? अमेरिकेत इलिनॉय युनिव्हर्सिटीत रॉडनी जॉन्सन ह्यांच्या टीमने २००८ मध्ये ल्युटिओलिन नावाच्या घटकावर काम केलं, तो सेलरी, ढोबळी मिरची, गाजर, पुदिना अशा साध्या गोष्टींत असतो. उंदरांना २१ दिवस पाण्यातून ल्युटिओलिन दिलं आणि मग सूज आणणारा जिवाणूंचा अंश टोचला, तर ज्यांना ल्युटिओलिन मिळालं होतं त्यांच्या मेंदूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी संबंध असलेल्या भागात, इंटरल्यूकिन-६ कमी निघालं. नंतर २०१० मध्ये त्यांनी अजून एक गोष्ट दाखवली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. भडकलेल्या मायक्रोग्लियाने सोडलेल्या द्रवात न्यूरॉन ठेवले की ते मरत होते, पण मायक्रोग्लियाला आधी ल्युटिओलिन दिलं असेल तर तेच न्यूरॉन वाचत होते, आणि गंमत म्हणजे ल्युटिओलिन थेट न्यूरॉनला दिलं तर काही फरक नाही. म्हणजे हा घटक न्यूरॉनभोवती कवच वगैरे घालत नाही, तो वॉचमनला शांत करतो, न्यूरॉन त्यामुळे वाचतात. हळदीतलं करक्युमिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन, सुंठीतलं शोगाओल, ग्रीन टीमधले कॅटेचिन, ब्रोकोलीतलं सल्फोराफेन, ह्यांच्यावर प्रयोगशाळेत जे काम झालंय त्यात बऱ्याचदा असंच काहीसं दिसतं, सूज चालू करणारं पेशीतलं बटण दाबलं जात नाही किंवा पेशीची स्वतःची सफाई करणारी यंत्रणा जास्त जोरात चालते.

पण हे उंदीर आणि काचेच्या डिशमधल्या पेशी. माणसांचं काय, तर माणसांत चित्र मिश्र आहे आणि ते लपवून लिहिण्यात काही अर्थ नाही. लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात गॅरी स्मॉल ह्यांची ट्रायल २०१८ मध्ये छापून आली, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) नसलेले ४० जण, सगळे पन्नाशीच्या पुढचे, शरीरात चांगलं शोषलं जाईल असं खास बनवलेलं करक्युमिन ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १८ महिने, आणि त्यांच्या स्मरणशक्तीच्या टेस्ट डमी गोळी घेणाऱ्यांपेक्षा चांगल्या आल्या. छान. पण ४० माणसं म्हणजे फार छोटी ट्रायल. आणि त्याआधी २०१२ मध्ये अल्झायमर झालेल्या पेशंटना २४ आठवडे करक्युमिन देऊन बघितलं होतं त्यात काही फायदा दिसला नाही. म्हणजे आजार झाल्यावर हळदीने तो बरा होतो असं कोणी म्हणत असेल तर सरळ नाही म्हणा.

दुसऱ्या बाजूला मोठमोठे लोकसंख्येचे अभ्यास आहेत. २०२१ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी सुमारे ७७ हजार स्त्री-पुरुषांचं वीस वर्षांचं खाणं तपासलं, ज्यांच्या जेवणात फ्लेवोनॉइड (वनस्पतींत असणाऱ्या घटकांचा एक मोठा गट) जास्त होते त्यांनी स्वतःची आठवण कमी होतेय असं सांगण्याचं प्रमाण साधारण २० टक्क्यांनी कमी होतं, आणि त्यातही फ्लेवोन ह्या गटाचा संबंध सगळ्यात पक्का होता, ३८ टक्के. ल्युटिओलिन ह्याच गटातलं. शिकागोच्या रश युनिव्हर्सिटीत ९६० वयस्कर लोकांचा अभ्यास झाला, २०१८ मध्ये आला, रोज एक वाटीभर पालेभाजी खाणाऱ्यांची बुद्धीची घसरण इतकी हळू होती की जणू ते ११ वर्षांनी तरुण आहेत. हे सगळे संबंध आहेत, पुरावा म्हणता येणार नाही, पालेभाजी खाणारा माणूस बाकीही बऱ्याच गोष्टी बरोबर करत असतो. त्याच गटाने मग ६०४ जणांवर तीन वर्षं नीट ट्रायल घेतली, मेंदूसाठीचा माइंड डाएट एका बाजूला आणि साधं कमी खाणं दुसऱ्या बाजूला, २०२३ मध्ये निकाल आला, दोघांत ठळक फरक नाही.

मग करायचं कशाला? माझं मत सांगते. कुठल्याही एका घटकाच्या मागे लागून उपयोग नाही, ह्यातले सात-आठ घटक रोज थोडे थोडे, वर्षानुवर्षं, साध्या जेवणातून पोटात जात राहिले पाहिजेत, त्यात नुकसान काही नाही आणि हृदय, साखर, पोट ह्यांचा फायदा तर पक्काच आहे. आणि आपल्याकडे ह्यातल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी आधीच डब्यात आहेत, फक्त वापरताना आपण त्यातलं निम्मं घालवतो.

हळद: आधी खरेदी

हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असतं, जातीप्रमाणे कमीजास्त. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला त्याच्या आधीच मिळालंय आणि वायगाव तिच्या जास्त करक्युमिनसाठीच ओळखली जाते. पण टक्केवारीपेक्षा मला भेसळीची काळजी जास्त वाटते, आणि इथे मी मुद्दाम थांबून लिहिणार आहे.

हळकुंडं शिजवून वाळवली की बाहेरून मळकट, खरबरीत दिसतात. मग ड्रममध्ये घालून पॉलिश करतात. ह्या पायरीला काही ठिकाणी लेड क्रोमेट नावाचा भडक पिवळा रंग लावतात, त्यात शिसं असतं. शिसं हे मेंदूचंच विष आहे, लहान मुलांची बुद्धी कायमची कमी करतं, मोठ्यांचं बीपी वाढवतं. म्हणजे मेंदूसाठी हळद खायची आणि त्यातूनच मेंदूचं विष पोटात घालायचं. बांगलादेशात हा प्रकार २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उघड केला, तिथल्या सरकारने मग बाजारांवर छापे घातले, दंड केले, टीव्हीवर लोकांना सांगितलं, आणि बाजारातल्या शिसं सापडणाऱ्या नमुन्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आलं. ठरवलं तर होतं हे. भारतात मर्यादा एका ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम आहे आणि २०२४ मध्ये आलेल्या दक्षिण आशियातल्या शहरांच्या तपासणीत पाटण्याच्या काही नमुन्यांत हजारच्या वर निघालं. सुट्या हळदीत आणि पॉलिश केलेल्या हळकुंडांत जास्त, पॅकबंदमध्ये कमी.

म्हणून बघा, अख्खी हळकुंडं आणून दळली म्हणजे शुद्ध हा समज बरोबर नाही, रंग हळकुंडालाच लावलेला असतो. एकदम चकचकीत, सोन्यासारखी पिवळी, गुळगुळीत हळकुंडं दिसली तर घेऊ नका. मळकट, सालीचे कण चिकटलेली, बिनपॉलिशची घ्या, ओळखीच्या शेतकऱ्याकडून मिळाली तर फारच छान, सांगली, हिंगोली, वर्धा, सातारा ह्या भागात नातेवाईक असतील तर जानेवारी ते मार्चच्या हंगामात सांगून ठेवा. ते जमणार नसेल तर लायसन्स नंबर आणि बॅच नंबर असलेलं पॅकेट, सुटी पावडर नको. घरी एक सोपी चाचणी करता येते, काचेच्या ग्लासात पाणी घ्यायचं, त्यात हळकुंड सोडायचं आणि हलवायचं नाही, चांगलं हळकुंड पाण्याला लगेच भडक रंग सोडत नाही. पावडर असेल तर ती चमचाभर घेऊन ग्लासातल्या पाण्यात टाका, चांगली हळद फिकट पिवळं पाणी ठेवून तळाशी बसते. पण ह्या चाचणीत पास झाली म्हणजे शिसं नाही असं छातीठोकपणे सांगता येत नाही, ते फक्त लॅबमध्येच कळतं. सोसायटीतल्या दहा घरांनी मिळून वर्षाची हळद एकाच ठिकाणाहून घेतली आणि एक नमुना अन्नतपासणीच्या लॅबला दिला तर खर्च वाटला जातो आणि सगळ्यांना वर्षभर निश्चिंती, मला वाटतं हे प्रत्येक सोसायटीने करावं, खास करून जिथे लहान मुलं आहेत, गरोदर बाई आहे.

दळून आणल्यावर स्टीलच्या डब्यात, अंधारात ठेवा. गॅसशेजारी काचेच्या सुंदर बरणीत उन्हात हळद ठेवायची फॅशन आलीये, करक्युमिन उजेडाने खराब होतं. मसाल्याच्या डब्यात आठवड्यापुरतीच काढा.

हळद: आता शिजवणं

हा भाग मला सगळ्यात आवडतो कारण ह्यावर काम आपल्याच देशात झालंय, म्हैसूरच्या सीएफटीआरआय ह्या अन्नसंशोधन संस्थेत. २००७ मध्ये त्यांनी मोजलं की स्वयंपाकात हळद किती वाया जाते. उकळणं, प्रेशर कुकर वगैरे मिळून करक्युमिन २७ ते ५३ टक्के कमी होतं आणि सगळ्यात जास्त नुकसान कुकरमध्ये दहा मिनिटं ठेवल्यावर. तूरडाळीसोबत शिजवलं तरी तेवढंच. पण चिंच घातली की नुकसान १२ ते ३० टक्क्यांवर आलं.

म्हणजे आपल्या आमटीतच सगळं उत्तर आहे. आपण काय करतो, डाळ पिवळी दिसावी म्हणून कुकर लावतानाच हळद टाकतो. ते थांबवा. माझी पद्धत अशी आहे: वाटीभर तूरडाळ धुवून, दोन थेंब तेल घालून, हळद न घालता कुकरला लावायची. डाळ घोटून बाजूला ठेवायची. कढईत दोन चमचे तेल, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, कढीपत्ता, मग गॅस एकदम बारीक करायचा आणि पाऊण छोटा चमचा हळद घालायची, हळद तेलात फुलते, तिचा वास बदलतो, तेवढंच, लगेच डाळ ओतायची. करपली तर कडू होते आणि उपयोगही जातो. करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, म्हणून फोडणी ही पद्धत हळदीसाठी इतकी योग्य आहे. मग पाणी, मीठ, गूळ, गोडा मसाला, आणि चिंचेचा कोळ किंवा चार-पाच आमसुलं, ही नेहमीसारखी शेवटी न घालता पहिल्या उकळीलाच घाला म्हणजे आंबटपणा हळदीला सांभाळेल. पाच-सात मिनिटं उकळली की बंद. उतरवल्यावर ताजी कुटलेली मिरी, माणशी दोन-तीन दाणे तरी.

मिरीचं कारण असं की करक्युमिन पोटात गेलं की यकृत ते लगेच बांधून बाहेर टाकतं, रक्तात फारच थोडं उरतं. मिरीतलं पिपेरिन ही प्रक्रिया अडवतं. बंगलोरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये १९९८ मध्ये माणसांवर प्रयोग झाला, २ ग्रॅम करक्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरिन दिलं तर रक्तातलं करक्युमिन २० पटीने वाढलं. २० मिलिग्रॅम म्हणजे साधारण आठ-दहा मिऱ्यांमध्ये असतं तेवढं. मिरी पण उकळली की कमी होते म्हणून शेवटी घालायची, आणि तयार पावडरपेक्षा खलबत्त्यात तेव्हाच कुटलेली चांगली.

सोडा अजिबात नको. छोले, वाल, मटकी लवकर शिजावी म्हणून चिमूटभर खायचा सोडा टाकतात, करक्युमिन अल्कलीत टिकत नाही. हळदीला चुना लागला की लाल होते, कुंकू तसंच करतात, तोच प्रकार. सोडा घालावाच लागला तर हळद नंतरच्या फोडणीत.

हळदीचं दूध घेत असाल तर सायीचं दूध घ्या किंवा अर्धा चमचा तूप सोडा, दोन मिरे, आणि उगीच वीस मिनिटं आटवू नका. थंडीत ओली हळद मिळते तेव्हा तिचं लोणचं करा, किसून, भरपूर लिंबाचा रस, मीठ, आल्याचे तुकडे, वरून गार केलेली मोहरीची फोडणी. न शिजवलेली, आंबटात, तेलात. ह्याहून चांगला प्रकार मला तरी सुचत नाही.

आणि हिशेब पण स्वच्छ सांगते. पाऊण चमचा म्हणजे सुमारे दोन ग्रॅम हळद, त्यात ६०-७० मिलिग्रॅम करक्युमिन, चार माणसांत वाटलं की माणशी १५ च्या आसपास. गॅरी स्मॉल ह्यांच्या त्या ट्रायलमध्ये रोज १८० होतं, तेही खास बनवलेलं. म्हणजे आमटीने तो डोस गाठला जात नाही. तो गाठायच्या नादात चमच्याने हळद फाकायची गरज नाही, बाकीच्या गोष्टी आहेत ना.

बाकीच्या गोष्टी

ढोबळी मिरची, गाजर, पुदिना, सेलरी, पुदिन्याच्याच कुळातले हर्ब्स, ओरेगॅनो, थाइम, ही ल्युटिओलिनची घरं. पिझ्झासोबत आलेली ओरेगॅनोची पाकिटं फेकू नका, थालीपिठात, पिठल्यावर मस्त लागतो. ढोबळी मिरचीची पीठ पेरून भाजी करताना मिरची मऊ लगदा होईपर्यंत शिजवायची नाही, झाकण ठेवून पाच मिनिटं, थोडी करकरीत राहू दे. पुदिन्याची चटणी कच्चीच असते त्यामुळे प्रश्नच नाही.

कांदा. क्वेर्सेटिन लाल कांद्यात भरपूर, पांढऱ्यात फारच कमी, आणि बाहेरच्या थरांत सगळ्यात जास्त. म्हणून सोलताना फक्त वाळकं साल काढा, आपण घाईत दोन जाड थर ओढून टाकतो त्यातच माल जातो. परतलेल्या कांद्यात ते बऱ्यापैकी टिकतं, उकळून पाणी फेकलं तर पाण्याबरोबर जातं. पिठलं-भाकरीबरोबर फोडलेला कांदा खाणारे लोक ह्या बाबतीत आपल्या पुढे आहेत.

पालेभाजी रोज एक वाटी, शिजवलेली. मेथी, शेपू, चवळई, माठ, अंबाडी, पालक, आणि शेवग्याचा पाला, हा तर फुकट मिळतो आणि त्यात क्वेर्सेटिन, केम्फेरॉल दोन्ही. पालेभाजी उकडून पाणी टाकून देण्याची सवय असेल तर ती सोडा (अंबाडी फारच आंबट असते तिचं वेगळं), धुवून मग चिरा, चिरून धुवू नका. लसणीची फोडणी, मूगडाळ, वरून जवसाची किंवा कारळ्याची चटणी.

जांभळा-काळा रंग म्हणजे अँथोसायनिन. जांभूळ, करवंद, काळी द्राक्षं, कोकम, जांभळा कोबी. ब्लूबेरीच खायला पाहिजे असं काही नाही, ती परवडत नाही म्हणून मन छोटं करू नका, मे-जूनमध्ये टोपलीवाल्या बाईकडची करवंदं, जांभळं पोटभर खा. वांग्याच्या सालीतही ह्याच जातीचा रंग असतो, म्हणजे भरताला साल काढून टाकतो ते ठीक आहे पण आठवड्यात एकदा भरली वांगी सालासकट होऊ देत.

आलं-सुंठ. ओल्या आल्यात जिंजेरॉल, ते वाळून सुंठ झाली की त्यातल्या काहीचं शोगाओल होतं आणि सूजेवरच्या प्रयोगांत शोगाओल जास्त जोरदार निघतं. त्यामुळे दोन्ही वापरा. चहा, ग्रीन टी जेवणाबरोबर नको, जेवणातलं लोह शोषू देत नाही, तास-दीड तास अंतर ठेवा, ज्यांचं हिमोग्लोबिन कमी त्यांनी तर नक्की.

आता मोहरी आणि कोबी, हे जरा नीट समजून घ्या. ब्रोकोली, कोबी, फुलकोबी, मुळा ह्यांत सल्फोराफेन तयार बसलेलं नसतं, भाजी कापली, चावली की आतला एक घटक आणि एक एन्झाइम एकत्र येतात आणि तेव्हा ते तयार होतं. ब्रोकोलीत सगळ्यात जास्त, कोबी-मुळ्यात कमी पण त्याच कुळातली दुसरी तिखट द्रव्यं. शिजवलं की एन्झाइम मरतं, मग तयार होणारच नाही. उपाय दोन. एक, चिरून अर्धा-पाऊण तास तसंच ठेवा आणि मग शिजवा, तोपर्यंत बरंच तयार होऊन जातं आणि तयार झालेलं शिजवताना त्यामानाने टिकतं. दोन, कच्ची मोहरी. इंग्लंडमधल्या एका छोट्या प्रयोगात शिजवलेल्या २०० ग्रॅम ब्रोकोलीवर फक्त १ ग्रॅम मोहरीची पूड घातली तर शरीरात सल्फोराफेन चौपट पोचलं, कारण मोहरीत तेच एन्झाइम असतं. फोडणीतली मोहरी इथे कामाची नाही, ती तापून गेलेली.

पण आपल्याकडे मोहरी फेसायची पद्धत आहेच की, जुन्या बायका काकडीच्या, केळ्याच्या कोशिंबिरीला फेसलेली मोहरी लावायच्या. एक चमचा मोहरी खलबत्त्यात बारीक करायची, चमचाभर पाणी घालून घोटत राहायचं, वास नाकात चढला, डोळ्यांत पाणी आलं की झाली. कोबी अगदी बारीक चिरून अर्धा तास ठेवा, त्यात ही मोहरी, मीठ, चिमूट साखर, कोथिंबीर कालवा आणि अजून दहा मिनिटं थांबा. लिंबू किंवा दही एकदम शेवटी, आंबटपणात एन्झाइम मंदावतं. ब्रोकोली नुसती वाफवून तिच्यावर ही मोहरी आणि थोडं दही, घरातल्या मुलांनी पण खाल्लंय हे. थायरॉइड कमी असेल तर कच्चा कोबी रोज वाडगाभर नको, शिजवलेला चालतो.

कॅप्सूलबद्दल

मी घरात आणत नाही. जेवणातली हळद आणि एकाग्र केलेलं करक्युमिन ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या सप्लिमेंटनंतर यकृताला सूज आल्याच्या केसेसची रांग लागली, सरकारला इशारा छापायला लागला. अमेरिकेत यकृताच्या नोंदी ठेवणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने २०२२ मध्ये दहा केसेस दाखवल्या, त्यात एक मृत्यू, आणि बऱ्याच जणांत एक ठरावीक जीन सापडला, म्हणजे काही लोकांना जन्मतःच धोका जास्त, आणि ते आधी सहज कळत नाही. शोषण वाढवायला मिरीचा अर्क घातलेल्या गोळ्यांत हा प्रश्न अजून वाढतो कारण पिपेरिन इतर औषधांचं पण रक्तातलं प्रमाण वाढवतं, फिटच्या गोळ्या, काही बीपीच्या गोळ्या.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, पित्ताशयात खडे आहेत, यकृताचा त्रास आहे, ऑपरेशन ठरलंय, गरोदर आहात, केमो चालू आहे, तर डॉक्टरांना न विचारता अजिबात नाही. आणि वॉरफेरिन, अ‍ॅसिट्रोमसारखी गोळी असेल तर पालेभाजी पण अचानक खूप वाढवू नका, त्यातल्या व्हिटॅमिन केने गोळीचा परिणाम बदलतो, रोज साधारण सारखीच खा आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते बघणारी टेस्ट) करताना सांगा.

ब्राह्मीचं पण असंच, बाजारात ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकतात, नीरब्राह्मी आणि मंडूकपर्णी, डबीवर शास्त्रीय नाव बघितल्याशिवाय आपण काय घेतोय हेच कळत नाही. वैद्यांकडे जाऊन घ्या, ऑनलाइन ऑफर बघून नको.

कोणी खरंच विसरायला लागलं असेल तर

आई तेच तेच विचारते, बाबा रस्ता चुकले, नोटा मोजताना गोंधळतात, असं असेल तर हळद वाढवत सहा महिने वाट बघू नका. आधी डॉक्टर. आपल्याकडे, खास करून शाकाहारी घरांत, बी-१२ कमी असण्याने विसरभोळेपणा येतो आणि ते इंजेक्शन-गोळ्यांनी सुधारू शकतं, थायरॉइडचं तसंच. बी-१२, थायरॉइड, साखर, बीपी, सोडियम, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, झोपेच्या आणि अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी पण म्हाताऱ्या माणसांना गोंधळ होतो. कान तपासा. लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांच्या कमिशनने २०२४ मध्ये १४ कारणं मोजली जी सांभाळली तर जगातले जवळजवळ ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतात, त्यात कमी ऐकू येणं, बीपी, डायबेटिस, कोलेस्टेरॉल, सिगारेट, एकटेपणा, न चालणं हे सगळं आहे, हळद नाहीये. तोंड एका बाजूला वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातातली शक्ती गेली, तर ताबडतोब हॉस्पिटल, तिथे प्रत्येक मिनिट मोजायचं.

दात नसलेल्या माणसांसाठी एक सांगायचं राहिलं. त्यांना कच्ची कोशिंबीर, ढोबळी मिरची चावत नाही म्हणून ताटातून हे सगळं एकदमच गायब होतं आणि नुसता वरणभात उरतो. त्यांच्यासाठी मी पालेभाजी ताकातली पातळ करते, अगदी बारीक चिरून, गाजर-ढोबळी मिरची किसून मऊ थालीपिठात, जांभळाचा गर काढून मीठ-साखर लावून वाटीत, फेसलेली मोहरी दह्यात कालवून वाफवलेल्या ब्रोकोलीच्या तुऱ्यांवर, तुरे मऊच असतात. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून पूड करून ठेवली की रोज चमचाभर वरणात, भाकरीच्या पिठात जाते, चव फारशी बदलत नाही आणि कोणी तक्रार पण करत नाही.